वाळूवरील चारचाकी आणि तिच्यासोबतची हत्यारपेटी

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने आक्षी मागे टाकली की नागावच्या नारळ-सुपारीच्या वाड्या सुरू होतात. वाड्यांच्या पश्चिमेस सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे लांब, सपाट असा वाळूचा किनारा आहे. या गावातील अनेक कुटुंबांचा निर्वाह पूर्वी मुख्यत्वे वाडीवर होत असे. पर्यटकांची ये-जा वाढल्यापासून वाडीतील एक-दोन खोल्या भाड्याने देणे, घरगुती जेवण पुरविणे आणि किनाऱ्यावर करमणुकीची वाहने चालविणे हे जोडधंदे तिला लागून उभे राहिले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले आणि या पट्ट्यातील माड व पोफळी मोठ्या संख्येने उन्मळून पडल्या. नव्याने लावलेला माड धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. तोपर्यंत घर चालविण्यासाठी जोडधंद्याचा आधार किती मोलाचा असतो, हे वाडीवाल्यांस सांगावयास नको.

या जोडधंद्यांपैकी एक म्हणजे एटीव्ही, अर्थात कोणत्याही प्रकारच्या भूमीवर चालू शकणारी रुंद चाकांची चारचाकी मोटारसायकल. तिची किंमत लाखांच्या घरात असते आणि ती पुष्कळदा कर्ज काढून घेतलेली असते. अशी गाडी भरतीच्या पाण्यात एकदा बुडाली तर हंगामाची सारी मिळकत दुरुस्तीत जाते. स्वार गाडीखाली सापडला तर होणारी हानी पैशात मोजता येत नाही. असे असूनही गाडीबरोबर कोणती हत्यारे व कोणते आणीबाणीचे साहित्य न्यावे याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. काही चालक खिशात एक पाना घालून निघतात. काही जण परदेशी माहितीपत्रकातील यादी पाहून अर्धा कारखाना गाडीवर लादतात. नागावसारख्या किनाऱ्यावर या दोन्ही रीती सारख्याच चुकीच्या ठरतात. त्याचे कारण भरती-ओहोटीत आहे.

भरतीचे घड्याळ

अरण्यातील वाटेवर गाडी बंद पडली तर चालकास सावलीत बसून दोन तास दुरुस्ती करता येते. किनाऱ्यावर ही सवलत नाही. सकाळी जेथे टणक ओली वाळू असते, तेथे दुपारी छातीइतके पाणी असू शकते. म्हणून किनाऱ्यावरील हत्यारपेटी ठरविताना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, गाडी अडल्यापासून पाणी तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत किती वेळ हाती असेल.

याचा अंदाज करण्याची जुनी रीत कोकणात सर्वांस ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते आणि दररोज ही वेळ साधारणपणे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास उधाण असल्यामुळे पाणी अधिक वर चढते व अधिक खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व चढउतार कमी होतो. हा हिशेब स्थूल आहे. नेमक्या वेळेसाठी छापील भरतीचे वेळापत्रकच पाहावे. तथापि फोन बंद पडला व वेळापत्रक हाताशी नसले तरी तिथीचा हिशेब तोंडी करता येतो, हा त्याचा मोठा गुण होय.

पाणी सर्व वेळ सारख्या गतीने चढत नाही, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा सुमारे बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात व चौथ्यात प्रत्येकी तीन भाग, पाचव्यात दोन व सहाव्यात पुन्हा एक भाग पाणी चढते. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते. आता चतुर्थीचा दिवस घ्या. सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी पूर्ण झालेली असते. मुंबई-पुण्याचे पाहुणे न्याहारी उरकून अकरा वाजता किनाऱ्यावर उतरतात. तेव्हा वाळू विस्तीर्ण व पाणी दूर दिसते. पण भरतीचा तिसरा तास नेमका तेव्हाच सुरू होत असतो. एकूण चढ तीन मीटर धरला तर अकरा ते एक या वेळात पाणी दीड मीटर वर येते. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असेल तर तेच पाणी दोन तासांत 75 मीटर आत सरकते. पाण्याच्या कडेपासून 20 मीटरवर बंद पडलेल्या गाडीस अशा वेळी अर्ध्या तासाहून थोडा अधिक अवधी मिळतो, आणि लाटांचे फटके त्याही आधी लागतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाणाऱ्यांची परतीची वाट भरती कशी बंद करते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचे नवल वाटणार नाही.

यावरून साहित्याची निवड करण्याचा एक सरळ नियम निघतो. जी दुरुस्ती वाळूवर, वाऱ्यात, अर्ध्या तासाच्या आत पुरी होते तेवढ्याच दुरुस्तीची हत्यारे गाडीवर न्यावीत. त्याहून अधिक वेळ घेणाऱ्या बिघाडासाठी हत्यारे न नेता गाडी ओढून वर काढण्याचे साहित्य न्यावे. उदाहरणार्थ, आपोआप गती बदलणाऱ्या गाड्यांत रबरी पट्ट्याने चाक फिरते. तो पट्टा तुटल्यास बदलण्यासाठी झाकण काढावे लागते व आत वाळू जाऊ न देण्याची खबरदारी घ्यावी लागते. ते काम किनाऱ्यावर करू जाणे म्हणजे गाडी समुद्रास अर्पण करणे होय. जादा पट्टा घरी पडवीत ठेवावा आणि दोर गाडीवर ठेवावा.

रुतलेली गाडी

किनाऱ्यावर सर्वांत वारंवार येणारी अडचण इंजिनाच्या बिघाडाची नसून रुतण्याची आहे. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू भुसभुशीत असते. तिच्या खालची ओली वाळू टणक असते. पण पाण्याने भरलेले खळगे, ओढ्याची तोंडे व खाडीकडील चिखल फसवे असतात. चाक रुतू लागताच नवखा स्वार वेग वाढवितो. चाक गरगर फिरते, खालची वाळू उपसली जाते आणि गाडी पोटावर बसते. म्हणून पहिली गोष्ट अशी की, चाक फिरून गाडी पुढे सरकत नाही असे दिसताच वेग सोडावा व खाली उतरावे.

या कामासाठी लागणारे साहित्य महाग नाही. आखूड दांड्याचे एक फावडे, दोन जाड गोणपाट आणि 15 ते 20 मीटर लांबीचा मजबूत दोर एवढे गाडीवर असावे. चारही चाकांपुढील वाळू उतरत्या चरासारखी काढावी आणि पोटाखालची वाळू मोकळी करावी. गोणपाटाची घडी चाकाच्या तोंडाशी नीट सारावी. गोणपाट कमी पडल्यास वाडीतील सुकलेल्या झावळ्या हे उत्तम साधन होय. त्यांचा जाड दांडा काढून टाकून पाते आडवे अंथरावे. गाडी पुष्कळदा पुढे नेण्यापेक्षा आली त्याच चाकोरीने मागे काढणे सोपे जाते. ती मार्गी लागल्यावर गोणपाट मागे फेकला जातो, यास्तव त्या रेषेत कोणी उभे राहू नये.

चाकांतील हवा कमी करणे हाही एक उपाय आहे. परंतु त्याविषयी गैरसमज फार आहेत. साध्या मोटारसायकलच्या चाकात दर चौरस इंचास 25 ते 35 पौंड हवा असते. या चारचाकीच्या फुगीर चाकात ती बहुधा 3 ते 6 पौंड इतकीच असते. तेव्हा मोटारसायकलच्या सवयीने दहा पौंड हवा सोडू पाहणाऱ्याच्या हाती रिकामे चाक राहील. येथे एक पौंडानेही मोठा फरक पडतो. पेट्रोल पंपावरील मापक इतका कमी दाब विश्वासार्हपणे दाखवीत नाही. शून्य ते दहा पौंड दाखविणारा लहान मापक विकत घ्यावा. पेटीतील सर्वांत लहान वस्तू असूनही सर्वांत जास्त चुका तोच टाळतो. योग्य दाब गाडीच्या पुस्तिकेत किंवा चाकाजवळील पट्टीवर लिहिलेला असतो. तोच प्रमाण मानावा.

स्वतःच्या जोराने गाडी निघाली नाही तर ओढणे आले. त्यासाठी गाडी तटस्थ गतीत घालून एकाने सुकाणू धरावे, इतरांनी दोर ओढावा अथवा दुसरी गाडी टणक वाळूवर उभी करून तिला तो बांधावा. दोर गाडीच्या मुख्य सांगाड्यास किंवा त्यासाठी दिलेल्या कडीसच बांधावा. हँडल, मागील जाळी किंवा चाकाचा दांडा यांस बांधू नये. गाठ कोळी बांधव होडीस घालतात तशी, ताण आला तरी न सरकणारी व नंतर हाताने सुटणारी असावी. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणला जातो व तुटल्यास चाबकासारखा परत येतो. ताण देण्यापूर्वी दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे आणि दोराच्या लांबीइतक्या अंतरात ओढणाऱ्यांखेरीज कोणास येऊ देऊ नये.

ओढावयास गाडी नसेल व आसपास झाडही नसेल तर वाळूतच आधार निर्माण करता येतो. माडाचा हातभर ओंडका किंवा वाळूने भरलेले पोते घेऊन त्याच्या मध्यभागी दोर बांधावा, दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात तो आडवा पुरावा व वर वाळू तुडवून भरावी. दोर खड्ड्यातून बाहेर येण्यासाठी ओढण्याच्या दिशेने उतरता चर ठेवावा. हा आधार बराच ताण सोसतो आणि गाडीस हाताने फिरवावयाची कप्पी किंवा विजेवर चालणारे ओढयंत्र असेल तर त्यास पुरतो. होडी थांबविणाऱ्या लोखंडी आकड्यास आपल्याकडे नांगर म्हणतात. किनाऱ्यावर तो मिळाल्यास ओंडक्याऐवजी त्याचाही उपयोग होतो.

बैलजोडीचा विसर पडू देऊ नये. 2024 साली रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली एक अत्यंत महाग परदेशी मोटार बैलगाडीस बांधून बाहेर काढावी लागली आणि त्या दृश्याची देशभर चर्चा झाली. यात हसण्यासारखे काही नाही. बैलाचा पाय चाकासारखा जागच्या जागी फिरत नाही, तो खोल रोवला जातो व ओढ सावकाश, एकसारखी मिळते. किनाऱ्याजवळ कोणाकडे बैलजोडी आहे व तिच्या मालकाचा फोन क्रमांक काय, हे पेटीच्या झाकणावर लिहून ठेवणे हीही तयारीच होय.

पेटीतील पाने आणि बारीक दुरुस्ती

रुतण्याची व्यवस्था झाल्यावर दुरुस्तीची हत्यारे थोडकी पुरतात. 8, 10, 12, 14 व 17 मिलीमीटरचे पाने, प्लग उघडण्याचा पाना, दोन्ही प्रकारच्या टोकांचा एक पेचकस, एक पक्कड, षट्कोनी खाचेच्या स्क्रूसाठी लागणाऱ्या चाव्यांचा संच आणि एक धारदार चाकू. तथापि ही यादी आंधळेपणाने घेऊ नये. गाडी घरी उभी असताना पेटीतील हत्यारांनीच प्लग, बॅटरीची टोके, चाकाच्या नट-चाक्या व साखळीचा ताण उघडून पाहावा. जे हत्यार कोठेही लागले नाही ते काढून टाकावे. जेथे हत्यार मिळाले नाही तेथे ते आणावे. चाकाच्या चाक्यांस पुष्कळदा वेगळ्याच मापाचा पाना लागतो आणि हे नेमके पाण्याच्या कडेला उमगते.

सुट्या भागांपैकी एक नवा प्लग, योग्य क्षमतेचे दोन-तीन फ्यूज, साखळीची गाडी असल्यास साखळीची एक जोडकडी, मऊ तारेचे एक वेटोळे, चिकटपट्टी व प्लॅस्टिकचे बंध एवढे असले तरी किनाऱ्यावरील बहुतेक लहान बिघाड निभतात. बंद पडलेली गाडी तपासताना क्रम ठरलेला असावा. प्रथम हँडलवरील बंद करण्याचे बटण व स्वाराच्या मनगटास जोडलेली दोरी पाहावी, कारण दोरी निसटल्यामुळे बंद पडलेल्या गाडीचे इंजिन खोलणारे लोक कमी नाहीत. मग पेट्रोल, मग फ्यूज, मग बॅटरीची टोके, मग प्लग. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट थर चढतो. तो चाकूने खरवडून टोके घट्ट केली की गाडी पुष्कळदा लगेच सुरू होते.

चाक फुटण्यास किनाऱ्यावर कालवांच्या कडा, बाटल्यांच्या काचा व जुन्या होड्यांचे खिळे कारण होतात. या चाकांत बहुधा आतली ट्यूब नसते. त्यामुळे भोक मोठे करण्याची कानस, रबरी वाती, त्या आत सारण्याची सुई व चिकट द्रव एवढा संच पुरतो. खिळा कोठे शिरला आहे याची खूण केल्यावाचून तो उपटू नये. हवा भरण्यास सायकलचा चांगला पंप चालतो. चाक मोठे असल्याने हात दुखतात, परंतु दाब थोडाच हवा असल्याने काम होते. कमी हवेवर वेगाने वळल्यास टायरची कड रिमपासून सुटते व कितीही पंप मारला तरी हवा टिकत नाही. अशा वेळी टायरच्या बाहेरील घेरावर मधोमध पट्टा किंवा दोर गुंडाळून तो काठीने पीळ देऊन आवळावा. टायर मधोमध दबतो, त्याच्या कडा बाहेर सरकून रिमला टेकतात व हवा धरू लागते. कडेस साबणाचे पाणी लावल्यास ती लवकर बसते. हवा धरताच पट्टा सैल करावा.

इंजिनात समुद्राचे पाणी शिरल्याची शंका असेल तर गाडी सुरू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरविले की दट्ट्या अडतो व त्याचा जोडदांडा वाकतो. गाडी तशीच ओढून वर आणावी, प्लग काढावा, इंजिन सावकाश फिरवून पाणी बाहेर काढावे, तेल तपासावे. तेल दुधासारखे पांढरट दिसल्यास ते बदलल्यावाचून गाडी चालवू नये.

माणसासाठीचे साहित्य

येथवर गाडीचा विचार झाला. परंतु पेटीतील पहिली जागा माणसाच्या साहित्याची आहे. पाणी इतके जवळ आले असेल की दोर बांधणाऱ्यास कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे लागेल, तर गाडी सोडून द्यावी. लाट रुतलेल्या गाडीस हलविते व ती माणसावर कलंडते.

ही चारचाकी चार चाकांमुळे स्थिर वाटते, पण तिचा गुरुत्वमध्य उंच व चाकांमधील अंतर कमी असते. होंडा कंपनीने 1970 साली या प्रकारची तीन चाकांची गाडी आणली होती. ती इतकी कलंडत असे की 1988 मध्ये अमेरिकेत तिची विक्री बंद झाली. तोपर्यंत सुझुकी कंपनीने आणलेली चारचाकी तऱ्हा रूढ झाली होती. तिनेही धोका पूर्णपणे गेला नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी ही गाडी मेंढ्या राखण्यास व फवारणीस वापरतात. तेथे उलटलेल्या गाडीखाली सापडून इतके मृत्यू झाले की 2021 पासून शेतकामाच्या नव्या गाड्यांवर स्वारास चेपण्यापासून वाचविणारी कमान बसविणे सक्तीचे झाले. म्हणून डोक्यास शिरस्त्राण आणि पायांत बूट हे साहित्य पाहुण्यास ऐच्छिक समजू नये. एका माणसाच्या गाडीवर दोघांस बसवू नये आणि मोठ्या मापाची गाडी 16 वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये, असा इशारा उत्पादकही देतात. पाहुणा हट्ट धरतो, मूल रडते, गिऱ्हाईक जाईल असे वाटते. तरीही नकार द्यावा लागतो.

गाडी कोणावर उलटल्यास प्रथम इंजिन बंद करावे, गळणाऱ्या पेट्रोलजवळ विडी-सिगारेट येऊ देऊ नये, आणि जमलेल्या माणसांनी एकाच इशाऱ्यावर गाडी उचलावी. किनाऱ्यावरील तळावर एक पहार ठेवलेली असल्यास ती येथे उपयोगी पडते. डोके, मान किंवा पाठ यांस मार लागला असेल तर जखमी माणसास बसवू अथवा चालवू नये. पाणी त्याच्यापर्यंत येत असेल तरच, डोके व धड एका रेषेत ठेवून, चार-पाच जणांनी एकदम हलवावे. प्रथमोपचाराच्या पिशवीत निर्जंतुक जाळीचे कापड, रुंद पट्ट्या, त्रिकोणी पट्टी, हातमोजे, कात्री, जंतुनाशक आणि जलसंजीवनीची पुडकी असावीत. मोडलेल्या हातापायास आधार देण्यासाठी बांबूच्या चार गुळगुळीत कामट्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड ठेवून न सोडता दाब द्यावा; दर मिनिटास उचलून पाहू नये.

पाण्यात उतरलेल्या माणसास पाखटाचा काटा लागण्याचा संभव असतो. दुखरा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडविला असता वेदना कमी होतात, मात्र काटा आत मोडला असल्यास तो खोदून काढू नये. वाडीच्या कडेला सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव न हलविता अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे.

मदतीसाठी 112 हा सर्वसाधारण क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक पेटीच्या झाकणावर रंगाने लिहावा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात असावा. गाडीच्या पेटीत ठेवलेला फोन गाडीबरोबरच बुडतो. एक शिट्टी व एक विजेरीही हवी. वारा सुटला म्हणजे हाकेचा आवाज पन्नास पावलांवरही पोहोचत नाही, शिट्टीचा पोहोचतो.

पेटी कशी भरावी

चांगली हत्यारेही वाईट बांधणीने निकामी होतात. वाळूवरच्या हादऱ्यांनी सुटे पाने एकमेकांवर घासतात, वाजतात व कधी जाळीतून निसटून पडतात. जाड कापडाची कप्पेवार थैली शिवून प्रत्येक पान्यास त्याचा कप्पा द्यावा आणि ती गुंडाळून जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीने बांधावी. हीच रबरी पट्टी प्रसंगी गळकी नळी बांधण्यासही कामी येते. प्लग, फ्यूज व पट्ट्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवाव्यात. पान्यांवर तेलाचा हात फिरवावा, पण मूठ तेलकट ठेवू नये.

जड वस्तू खाली व गाडीच्या मध्याजवळ बांधाव्यात. मागच्या जाळीवर उंच ओझे चढविल्यास चढावर गाडीचे तोंड उचलले जाते. जे प्रथम लागते ते सर्वांत वर असावे: प्रथमोपचार, मग दोर, मग फावडे, मग हत्यारे. पिण्याचे पाणी माणशी किमान एक लिटर घ्यावे व ते पेट्रोलच्या डब्याजवळ बांधू नये. किनाऱ्यावर तर पेट्रोलचा जादा डबा गाडीवर नेण्याचे कारणच नाही. तो तळावर, सावलीत, चुलीपासून दूर असावा.

तीन-चार गाड्या चालविणाऱ्या कुटुंबाने प्रत्येक गाडीवर सर्व साहित्य लादण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक गाडीवर दोर, शिट्टी व पाणी असावे. फावडे, गोणपाट, हत्यारे, पंप व औषधाची पिशवी सोबत्याच्या गाडीवर असावी, आणि तो सोबती ती वापरण्यास शिकलेला असावा. पर्यटकास एकट्याने दृष्टीआड जाऊ देऊ नये. वाळूच्या टेकड्या, सुरूची रोपे व मर्यादावेलीचे ताटवे यांवरून गाडी घालू नये. त्यांनीच वाडीकडे उडणारी वाळू व उधाणाचे पाणी थोपवून धरलेले असते. रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. तशी खूण दिसल्यास ती जागा सोडून वन खात्यास कळवावे.

डोंगरवाटेवर

सागरगडाच्या बाजूच्या मातीच्या वाटांवर जाणाऱ्यांचा हिशेब याच्या उलट आहे. तेथे भरतीचे भय नाही, पण मदत दूर असते व फोन लागेलच असे नाही. अशा वेळी जादा पट्टा, तो बदलण्याची हत्यारे, दुप्पट पाणी, खाण्याचे कोरडे जिन्नस, कोयता व नकाशा सोबत असावा, आणि कोणत्या वाटेने जाऊन केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे. जंगलात किंवा खाजगी रानात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ही गाडी बहुधा सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदलेली नसते. तेव्हा गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत ती टेम्पोतून न्यावी.

ज्यांच्याकडे अशी चारचाकी नाही, त्यांसही हीच थैली उपयोगी आहे. खार जमिनीत भाताच्या चिखलणीस गेलेला पॉवर टिलर पोटावर बसतो तेव्हा फावडे, गोणपाट, झावळ्या व पुरलेला ओंडका यांचाच उपयोग होतो. निसर्ग वादळानंतर रस्त्यांवर आडव्या पडलेल्या माडांमुळे वाड्यावाड्यांचा संपर्क तुटला. त्या वेळी कोयता, करवत, दोर, विजेरी व पट्ट्या एका ठिकाणी तयार असलेल्या घरांस मदतीची वाट पाहत बसावे लागले नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पर्यटनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडीमालकांस एकत्र बोलवावे आणि ओहोटीच्या वेळी एक रिकामी गाडी मुद्दाम रुतवून ती काढण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे. पहिल्या खेपेस पाऊण तास लागला तर दोर कोठे ठेवावा, फावडे कोण उचलील, बैलजोडीस केव्हा फोन करावा या गोष्टी आपोआप बोलण्यात येतात.

दिवसाचे काम संपल्यावर गाडी व हत्यारे दोन्ही गोड्या पाण्याने धुवावीत. दोरातील वाळू झटकून तो सावलीत वाळवावा, कारण वाळूचे कण आतून धागे कापतात. हवेच्या गाळणीतील वाळू रोज पाहावी. वापरलेली वात, पट्टी वा फ्यूज त्याच संध्याकाळी भरून ठेवावा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तेव्हा तिची बॅटरी काढून घरात ठेवावी, चाके फळ्यांवर उचलून घ्यावीत व साखळीस तेल द्यावे. हत्यारांची थैली मात्र गाडीबरोबर गोठ्यात टाकून न देता दाराशी, हाताला येईल अशा खुंटीवर टांगावी.